दोन लांब, एक आखूड

गावाचं नाव होन्कामाकी, म्हणजे पाइनची टेकडी.
सस्कॅचवनच्या त्या सपाटीवर ना पाइन होता, ना टेकडी,
पण फिनलंड सोडताना काहीतरी आणायचंच असतं,
तर त्यांनी नाव आणलं.
ताव्हेत्ती आणि लेम्पी. सगळ्यांच्या आधी आलेली दोघं.
एक बैल, एक घोडा, दोघं एकाच जुवाला;
बघणाऱ्याला हसू यायचं म्हणे,
पण तास सरळ पडायचं.

पहिली बांधली ती सौना. घर नंतर.
ओंडक्यांची एक खोली, कोपऱ्यात दगडांची चूल.
तिथंच झोपले, तिथंच न्हाले, तिथंच दूध गाळलं,
आणि पुढं सगळं गाव तिथंच जन्माला आलं,
धुरानं काळ्या झालेल्या भिंतींत,
लेम्पीच्या कोपरापर्यंत धुतलेल्या हातांत.
पैसे ती घेत नसे.
कोंबडी आणली तर परत करत नसे.

ताव्हेत्ती गप्प माणूस.
आठवड्याला दहाएक शब्द, त्यातले चार घोड्याला.
अशा माणसाला टेलिफोनचं वेड लागावं!
कंपनी म्हणाली, नऊ घरांसाठी खांब कोण रोवणार?
त्यानं कुंपणाकडं पाहिलं.
काटेरी तार तर होतीच, शेताशेतांतून, मैलन् मैल.
बाटल्यांचे गळे कापले, खुंट्यांवर बसवले,
तार त्यांवरून ओढली,
फाटकापाशी उंच नेली, गवताची गाडी जाईल इतकी,
आणि एका संध्याकाळी आमच्या भिंतीवरच्या पेटीतून
तीन मैलांवरचं कुत्रं भुंकलं.

प्रत्येक घराची घंटा ठरलेली.
लेम्पीची दोन लांब, एक आखूड.
ती वाजली की सगळीच घरं उचलत.
चोरून ऐकणं? छे! कुणाला कळा लागल्या, एवढंच.
बर्फात वाट बुजली की ती तारेवरून बाळंतपण करी:
"पाणी तापलं? आता तिला चालू दे.
तू ओरडू नकोस, यालमारी, ते काम तिचं आहे."
पावसात मात्र खांब भिजत, आवाज जमिनीत मुरे,
आणि गाई अंग घासायला नेमक्या तारेलाच येत.

ती रात्र मी पाहिलेली नाही.
आईनं सांगितली, तीही एकदाच, बटाटे सोलताना.
मार्च महिना. गुरांनी पूर्वेकडची तार तोडलेली.
ताव्हेत्ती पक्कड घेऊन गेला, वादळ मागाहून उठलं.
लेम्पीला अडतिसावं, पहिलंच, सातवा महिना.
मध्यरात्री घंटा: दोन लांब, एक आखूड.
उरलेल्या सातही घरांनी उचललं.
कुणीच बोलेना.
तिची घंटा तीच वाजवत होती.

दोन गडी निघाले, फाटकापासून परतले.
घराघरांत जे काही ठाऊक होतं ते तिनंच शिकवलेलं.
आईला एवढंच सुचलं: पाणी तापलंय का?
लेम्पी म्हणाली, हो.
मग पहाटेपर्यंत कुणी काही बोललं नाही
आणि कुणी फोन ठेवला नाही.

त्यानं रात्र गवताच्या गंजीत काढली, घोड्याला बिलगून.
उजाडताना टोकं जोडली,
तपासायला पेटी लावली, कानाला धरली,
तर तारेत सगळं गाव श्वास घेत होतं
आणि कुणी रडत नव्हतं. बाळही नाही.
"आलो," तो म्हणाला.
आई म्हणे, त्या आठवड्यातला तेवढाच शब्द.

अकरा दिवसांनी आईला कळा लागल्या.
हँडलवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.
मग फिरवलं. दोन लांब. थांबली. एक आखूड.
लेम्पी चालत आली, बर्फ मांडीपर्यंत.
हात धुतले, कोपरापर्यंत.

आता ती सगळी शेतं एकाच मालकाची, कुंपणं काढलेली.
बाटलीचा एक हिरवा गळा माझ्या खिडकीत आहे.
माझी नाळ लेम्पीनं बांधली.
आई सांगायची, गाठ नेहमीचीच होती,
फक्त त्या दिवशी तिला जरा वेळ लागला.